नऊ साखळ्यांचं स्टॉकहोम

काकी चालत असल्या की त्यांच्याशी बोलायचं नाही, हा नियम मला शेवगावातल्या पहिल्याच दिवशी कळला. मी हातात ट्रंक घेऊन त्यांच्या फाटकाशी उभी होते. नऊवारी लुगड्यातली एक उंच, वाळकी बाई रस्त्याच्या मधून नाकासमोर चालत माझ्याकडे येत होती. तिचे ओठ हलत होते. मी नमस्कार केला. तिनं हाताचा पंजा वर केला, माझ्या अंगावरून तशीच फाटकात शिरली, ओट्याच्या पायरीला पाय टेकवला आणि मग वळून म्हणाली, "स्टँडापास्नं अकराशे बारा. आता बोल."

मी मुळातच कमी बोलणारी. पुण्याच्या इंग्रजी शाळेत विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही हे शिकवलं होतं, आणि ते माझ्या स्वभावाला इतकं मानवलं की शाळा सुटली तरी ते सुटलं नाही. दुष्काळाच्या त्या वर्षी तालुक्याच्या कचेरीत परदेशी मदतीची पत्रं इंग्रजीत टाइप करायला कुणीतरी हवं होतं. म्हणून मला ती तात्पुरती नोकरी मिळाली. खोली दाखवायला आलेल्या कचेरीतल्या शिपायानं वाटेत हळूच सांगून ठेवलं होतं, "बाई चांगल्या हायेत. फक्त मोजत्यात."

काकींचे यजमान मोजणी खात्यात होते. लग्नानंतरची वीस-बावीस वर्षं काकी त्यांच्याबरोबर गावोगावच्या मुक्कामांवर फिरल्या. गेल्या होत्या स्वयंपाकाला. पण एकदा साखळी ओढणारा गडी तापानं पडला, काकींनी साखळीचं टोक हातात घेतलं आणि पुन्हा सोडलं नाही. यजमान गेले. मूलबाळ नव्हतं. मागे उरलं तीन खोल्यांचं घर, नेवासा रस्त्यावरचं शेत आणि ती लोखंडी साखळी. तेहतीस फूट लांब, सोळा आण्यांची, दोन्ही टोकांना पितळी कड्या. गावात कुणी शेजाऱ्याचा बांध कोरला, म्हणजे नांगरता नांगरता दरवर्षी वीतभर पलीकडे सरकला, की सरकारी मोजणी यायच्या आधी लोक गुपचूप काकींना बोलावून न्यायचे. त्या निकाल देत नसत. आकडा सांगत आणि घरी येत. भांडण त्या आकड्याशी करायचं, काकींशी नाही, असा त्यांचा शिरस्ता होता.

अंगणात त्यांनी तेहतीस फुटांवर दोन दगड पुरले होते. साखळी बाहेर नेण्याआधी त्या दगडांवर ताणून बघायच्या. उन्हानं साखळी वाढते म्हणून मोजायचं ते सकाळी, आठच्या आत. "तापलेल्या साखळीचं आन् तापलेल्या मानसाचं माप धरू नये," असं म्हणायच्या. साखळीचं सुरुवातीचं टोक, म्हणजे शून्य, धरायला दुसरं माणूस लागतं. मी राहायला आल्यावर ते काम माझ्याकडे आलं. "तू शून्य धर," असं त्या म्हणाल्या की मी कडी जमिनीला टेकवून उकिडवी बसायची आणि काकी उरलेली साखळी घेऊन लांब जायच्या. मला ते काम फार आवडायचं. गप्प बसून करायचं, आणि आपण हललो तर सगळंच चुकणार, असं दुसरं काम मला तोवर कुणी दिलं नव्हतं.

विधवा म्हणून गल्लीतल्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावत नसत. एका संक्रांतीला समोरच्या घरात बायकांची ये-जा चालली होती आणि मी, आपण जावं की न जावं, अशी दारात घोटाळत होते. काकी आतून म्हणाल्या, "जा गं. इथनं तिथं चाळीस पावलं हायेत. मला लांब पडत न्हाई, त्यांनाच लांब वाटतं." आवाजात कुरकुर नव्हती. नुसतं माप होतं.

स्टॉकहोम आमच्या घरात आलं ते बोअरिंगच्या यंत्राबरोबर. विहिरींना तळ दिसायला लागल्यावर बाहेरच्या देशांतून खडक फोडणारी यंत्रं आली. त्यांतल्या एकाबरोबर एक सोनेरी केसांचा, उन्हानं नाक सोललेला तरुण इंजिनियर शेवगावात येऊन राहिला. गाव त्याला बोअरसाहेब म्हणायचं. त्याचं इंग्रजी मला समजायचं, म्हणून कचेरीनं मला त्याच्या दिमतीला दिलं. तीन गावांत त्यानं पाणी काढलं. काकींच्या शेतात दोनशे फूट खाली जाऊनही नुसता पांढरा धुरळा वर आला. तो बिचारा फार ओशाळला. काकींनी त्याला ओट्यावर बसवून थालीपीठ वाढलं. खाता खाता तो म्हणाला की माझं गाव चौदा बेटांवर वसलंय, इकडून तिकडे जायचं तर पूल ओलांडावा लागतो, आणि इथे मात्र मला तुम्हाला घागरभर पाणी देता येत नाही. निघताना त्यानं खिशातून त्या शहराचा नकाशा काढून काकींना दिला आणि म्हणाला, तुम्ही आमच्याकडे यायलाच हवं, माझ्या आईला आनंद होईल.

मी त्याचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. इंग्रजीत निरोप घेताना असं म्हणण्याची रीत असते, ते कुणी मनावर घेत नाही, हे मला ठाऊक होतं. ते मी सांगितलं नाही. कुणी विचारलं नव्हतं.

तो गेल्यावर काकींनी नकाशा कणगीवर पसरला, वर माझी पट्टी ठेवली आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कधी जायचं?"

मी चाचरत समजावायचा प्रयत्न केला. त्यांनी पंजा वर केला.

"त्यो माझ्या घरी जेवला का न्हाई?"

"जेवला."

"जेवून उठल्यावर 'या' म्हणाला का न्हाई?"

"म्हणाला."

"मग हे आवतण झालं. न गेलं तर आपण खोटं." आणि थोड्या वेळानं, नकाशाची घडी घालताना, "माझ्या रानात पानी आलं न्हाई. मग मी पान्याकडं जाती. त्यात कुनाच्या बापाचं काय जातंय?"

सहलीची आखणी त्या दिवसापासून सुरू झाली. बोअरसाहेबाच्या आईला मी पहिलं पत्र लिहिलं ते लाजेनं मान खाली घालूनच. मला वाटलं होतं, उत्तर येणार नाही. महिन्याभरात आलं. निळ्या शाईत, गोल अक्षरात, मोडक्या इंग्रजीत त्या बाईंनी लिहिलं होतं की मुलानं थालीपिठाबद्दल कळवलंय, खोली रिकामी आहे, जूनमध्ये या, तुम्ही मासे खाता का? काकींनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या एका पाहण्यात मला बरंच काही ऐकू आलं.

मग प्रश्नांची पत्रं गेली. टाऊन हॉलच्या मनोऱ्याला पायऱ्या किती? पुलांवर टेकायला जागा असते का? राजवाडा आतून बघू देतात की नुसता बाहेरून? जूनमध्ये अंधार कधी पडतो? शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलं की जवळजवळ पडतच नाही. काकी खूश झाल्या. म्हणाल्या, "म्हंजी पैसे दिवसाचे आन् बघायला मिळतंय दीड दिवस."

पण खरी काळजी त्यांना गुडघ्यांची होती. नकाशा बोलत नाही, पाय बोलतात, असं त्यांचं म्हणणं. एका रविवारी पहाटे त्यांनी मला उठवलं. खांद्यावर साखळी, हातात चुन्याच्या फक्कीची पाटी, आणि पायांत, मी दोनदा बघितलं, शाळेतली पोरं कवायतीला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं. आम्ही नेवासा रस्त्यावरच्या शेतात गेलो. पेरणी झालीच नव्हती. रान उघडं पडलं होतं.

"नकाशा नऊ इंच लांब, नऊ इंच रुंद," काकी म्हणाल्या. "माझं रान नऊ साखळ्या लांब, नऊ साखळ्या रुंद. दोन एकर एक गुंठा. एका इंचाला एक साखळी. देवानं मापून दिलंय. तू शून्य धर."

मी रस्त्याच्या कडेला, पश्चिमेच्या हद्दीच्या दगडाशी बसले. चार रविवार लागले. पश्चिमेला लाल विटांचा टाऊन हॉल. मध्ये जुनं गाव, त्यात राजवाडा. बेटांच्या कडा चुन्यानं आखलेल्या. पूल म्हणजे दोन समांतर रेघा आणि दोन्हीकडे बोटभर उंचीचे दगड. जिथे काही आखलं नाही ते पाणी. पूर्वेच्या टोकाला एक जहाज होतं. तीनशे वर्षांपूर्वी राजानं बांधून घेतलेलं, पहिल्याच फेरीला बंदरात बुडालेलं, आणि आता वर काढून लोकांना दाखवायला ठेवलेलं. मी त्याची हकीकत सांगितल्यावर काकी पाटी ठेवून थांबल्या होत्या. "बांधताना मापात खोट झाली आसंल," त्या म्हणाल्या. "ते आधी बघायचं. राजा मागनं."

पण चौथ्या रविवारी, जहाज आखायची वेळ आली तेव्हा, काकी पूर्वेच्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. साखळी हातात तशीच. पलीकडचं शेत त्यांच्या पुतण्याचं होतं. बराच वेळ त्या बांधाकडे बघत होत्या. मग साखळी गोळा करत म्हणाल्या, "जहाज राहू दे. सावकाश." मला वाटलं, दमल्या.

त्यानंतर रोज सकाळी काकी स्टॉकहोम बघायला जायच्या. पहिला दिवस टाऊन हॉल आणि जुनं गाव, दुसरा दिवस राजवाडा, असं ठरलं होतं. शेतात शहर लहान होतं म्हणून खऱ्या अंतराइतकं होईपर्यंत त्या फेऱ्या मारायच्या. राजवाड्याभोवती तेवीस फेऱ्या झाल्या की तिथल्या बाकावर, म्हणजे बाभळीच्या ओंडक्यावर, टेकायच्या आणि गुडघे काय म्हणतात ते मला सांगायच्या. मी वहीत लिहायची. "उजवा कुरकुरतोय, डावा गप."

गावाला करमणूक झाली. रस्त्यावरून सायकलवर जाणारे विचारायचे, "काय काकी, राजा भेटला का?"

"भेटला. तुझी चौकशी करत हुता. म्हटलं, तालुक्याची पायरी चढला न्हाई अजून, इकडं कुठनं येतोय."

धनगराच्या दोन शेळ्या एकदा खाडीत शिरल्या तर काकींनी त्याला चांगलं फैलावर घेतलं, की त्या बुडतील. तो आधी हसला आणि मग, का कोण जाणे, शेळ्या पुलावरून हाकत घेऊन गेला.

मला सर्वांत लक्षात राहिल्यात त्या खडी फोडायला जाणाऱ्या बायका. दुष्काळी कामावर जाताना त्या काकींच्या शेतातून आडव्या जायच्या, तेवढाच रस्ता वाचायचा. आधी त्या रेघा तुडवत, एकमेकींना कोपरखळ्या मारत जायच्या. मग एका सकाळी मी पाहिलं, डोक्यावर पाटी घेतलेली पुढची बाई पाण्याच्या कडेला थांबली, वळसा घालून पुलावर आली आणि दोन रेघांमधून चालत पलीकडे गेली. मागच्या सगळ्या तिच्या मागे. शेवटचीला मी नजरेनंच विचारलं. ती म्हणाली, "पान्यात कशाला पाय घालायचा, बाई. लुगडं भिजंल."

त्या वर्षी आमच्याकडे लुगडं भिजेल इतकं पाणी नेवाशापर्यंत कुठे नव्हतं.

पुतण्या मात्र हसला नाही. तो चाळिशीचा, बोलायला गोड, काकींना वाकून नमस्कार करणारा माणूस होता. काकी शेत विकून परदेशी जाणार हे कळल्यावर आधी तो समजावायला आला. म्हातारपणी शेत हाच आधार, लोक काय म्हणतील, मी आहे ना. काकींनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, "माती नवऱ्याची हुती. पाय माझे हायेत. आता मातीचे पाय करती." तो उठून गेला.

आठवड्याभरात त्याचा अर्ज कचेरीत आला. मला कळलं ते असं की हेडक्लार्कनी फाइल माझ्यासमोर ठेवली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभे राहिले. अर्जात लिहिलं होतं की आमच्या चुलतीच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. ती ओसाड रानात रेघा मारून राजवाडे असल्याचं सांगते, जनावरांना बुडाल म्हणते, पोरांचे बूट घालून हिंडते. तिला व्यवहाराची समज नसल्यामुळे जमिनीची विक्री थांबवावी आणि देखभाल माझ्याकडे द्यावी. शेवटच्या ओळीत मी होते. "इंग्रजी शिकलेली एक भाडेकरू मुलगी तिला नादी लावीत आहे."

"तुमची नोकरी टेंपररी आहे," हेडक्लार्क खिडकीकडे बघतच म्हणाले. "चौकशीत तुम्हाला विचारतील. मला काही माहीत नाही म्हणालात तर कुणी दोष देणार नाही."

ते मला सहज जमलं असतं. आयुष्यभर मी तेच म्हणत आले होते.

घरी येऊन मी काकींना अर्जाचं सांगितलं. त्या साखळीला तेल लावत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "राजवाडे लिवलंय का राजवाडा? माझ्या रानात एकच हाय."

चौकशीला नायब तहसीलदार, म्हणजे गावाचे रावसाहेब, आले, सोबत तलाठी आणि त्याचं दप्तर. पुतण्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आधीच हजर होता. भर दुपारची वेळ. रावसाहेबांनी रुमालानं कपाळ पुसत रेघांकडे पाहिलं आणि म्हणाले, चला बाई, काय आखलंय ते दाखवा. काकी ओंडक्यावर बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

"आत्ता साखळी तापलीय. उद्या सकाळी सातला या."

पुतण्यानं रावसाहेबांकडे असं पाहिलं की आता आणखी काय पुरावा पाहिजे. तलाठ्यानं खाली मान घातली. दुष्काळात रोज शंभर माणसं रावसाहेबांसमोर हात जोडत होती. त्यांना दुसऱ्या दिवशी या म्हणणारं बहुधा कुणी भेटलं नसावं. "सातला," ते म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

सकाळी सातला गार हवा होती. गावातले बरेच लोक रस्त्याच्या कडेला येऊन बसले होते. काकींनी तलाठ्याला आधी रावसाहेबांसमोर दप्तर उघडायला लावलं. शेताची लांबी पूर्व-पश्चिम किती? तलाठ्यानं वाचलं, नऊ साखळ्या. मोठ्यानं वाचा, काकी म्हणाल्या. त्यानं मोठ्यानं वाचलं.

"आता शहर बघू," काकी म्हणाल्या. "तू शून्य धर."

मी पश्चिमेच्या दगडाशी बसले. कडी टेकवली. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी मातीकडे. प्रत्येक साखळीला काकी खुंटी ठोकायच्या, मी पुढे जाऊन त्या खुंटीशी शून्य धरायची, आणि मधल्या वेळात त्या रावसाहेबांना शहर दाखवत होत्या. इथं टाऊन हॉल, मनोऱ्याला तीनशेवर पायऱ्या, मी अर्ध्यात थांबणार. हा पूल. इथनं या, तिथं पानी हाय. आणि रावसाहेब, बूट वाळलेल्या मातीवर असतानाही, पुलावरून आले. त्यांच्या मागे तलाठी आला. वडीलधारे आले. पुतण्या सरळ पाण्यातून चालत आला, तेव्हा कडेला बसलेल्या बायकांत हसू फुटलं.

राजवाड्यापाशी रावसाहेब थांबले आणि अचानक मला विचारलं, "तुम्ही यांच्या घरात राहता. खरं सांगा. बाईंचं डोकं ठिकाणावर आहे?"

मी उकिडवीच होते. कडी सोडून उभं राहता येत नव्हतं, सोडली असती तर माप गेलं असतं. पुतण्या माझ्याकडे बघत होता, हेडक्लार्कची खिडकी मला दिसत होती. मी बसूनच बोलले, आणि माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"साहेब, एक वर्ष मी त्यांचं शून्य धरतेय. त्यांचं माप चुकलेलं मी एकदाही पाहिलं नाही. या गावात असं दुसऱ्या कुणाबद्दल मला सांगता येणार नाही."

काकींनी माझ्याकडे बघितलं नाही. नुसती साखळी जराशी ताणली, पुढे चल म्हणून.

आठ साखळ्या झाल्या. काकी नववी घेऊन निघाल्या आणि निम्म्यावर बांध आला. त्या थांबल्या नाहीत. लुगडं सावरून, कॅनव्हासचे बूट रोवून बांधावर चढल्या, पलीकडे पुतण्याच्या शेतात उतरल्या, साखळी पूर्ण ताणली आणि तिथे खुंटी ठोकली.

"हितं जहाज," त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळायच्या आत पुतण्या ओरडला, की ही माझी जमीन आहे.

"व्हय का?" काकी म्हणाल्या. "रावसायेब, कागदाला नऊ साखळ्या. बांधापर्यंत साडेआठ. हद्दीचा दगड आठ आणे साखळी माझ्या रानात चालत आलाय. दगडाला पाय फुटलेत. माझ्या पायांचं लिवलंय अर्जात, त्याच्या पायांचं कुनी लिवायचं?" मग पुतण्याकडे वळल्या. आवाज जराही चढला नव्हता. "माझं जहाज तुझ्या रानात बुडालंय, बाळा. वर काढायचं का कसं?"

रावसाहेबांनी तलाठ्याकडून दप्तर घेतलं आणि बांधाकडे, मग खुंटीकडे पाहिलं. ते हसले नाहीत, पण रुमाल मात्र तोंडाशी नेला. बायका मोकळेपणी हसत होत्या. वडीलधाऱ्यांपैकी एकजण स्वतःशीच म्हणाला, "ही येडी न्हाई. हिच्यापायी आपण येडं व्हायची पाळी हाय."

अर्ज निकाली निघाला. माझी नोकरी राहिली. हेडक्लार्क नंतर माझ्याशी जरा जपून बोलायचे.

त्या दुष्काळात कोरडं शेत घ्यायला दुसरं कुणी पुढे येत नव्हतं. शेवटी ते पुतण्यानंच घेतलं, कारण त्याला ते पहिल्यापासून हवंच होतं. काकींनी एकच अट घातली. खरेदीखतात पूर्ण नऊ साखळ्या लिहायच्या आणि दामही नवांचाच. म्हणजे ढापलेली अर्धी साखळी त्यानं स्वतःच्या पैशांनी विकत घेतली. सही झाल्यावर तो वाकून नमस्कार करायला आला, तेव्हा काकींनी पाय मागे घेतले नाहीत. "घे," म्हणाल्या, "जाताना पाया पडायचंच आसतं."

पासपोर्टासाठी, परकीय चलनाच्या फॉर्मासाठी मुंबईचे हेलपाटे झाले. बोअरसाहेबाच्या आईनं राहण्या-जेवणाची हमी लिहून पाठवली. दरम्यान माझी बदली नगरला झाली. निघायच्या दिवशी काकी मला स्टँडपर्यंत पोहोचवायला आल्या. म्हणजे चालत आल्या, ओठ हलवत, पंजा वर करून. शेवटी म्हणाल्या, "अकराशे तीस. म्हातारी झाली, पाऊल आखूड पडतंय. आता लवकर गेलं पायजे."

त्या गेल्या. निरोप, फोटो असलं काही नव्हतं. जुलैच्या सुरुवातीला माझ्या कचेरीच्या पत्त्यावर एक रंगीत कार्ड आलं. एका बाजूला निळं पाणी आणि लाल विटांचा मनोरा. दुसऱ्या बाजूला पेन्सिलीनं, ठासून काढलेल्या अक्षरांत लिहिलं होतं:

"पानी लई हाय. जहाज बघितलं. मापाचंच चुकलंय. हितं शून्य धरायला कुनी न्हाई म्हनून पावलांनी मोजलं. चार बारी चालली. मनोऱ्यापास्नं राजवाडा ह्यांनी नकाशात जवळ दावलाय. आपली साखळी बरोबर, ह्यांचा कागद चूक. त्या लोकांना तुझ्या इंग्रजीत कळव. भिऊ नको."

खाली त्यांनी पावलांचा आकडा लिहिला होता आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

मी कार्ड टाइपरायटरला टेकवून उभं केलं. कचेरीत आजूबाजूला माणसं होती, कुणीतरी मोठ्यानं काही विचारत होतं. मी कागद चढवला, वर स्टॉकहोम शहराच्या पर्यटन कचेरीचा पत्ता टाइप केला आणि कळवलं की तुमच्या नकाशात चूक आहे.